शंभर मीटर, पुढचं चाक वर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, लासुर्णे

आज पडले. पहिल्याच पानावर लिहून टाकते, म्हणजे पुढं लपवायला काही उरत नाही.

युवराजशेठ म्हणाले होते, प्रत्येक चाचणीची नोंद ठेव. ती नोंद त्यांच्या वहीत आहे आणि तिथं लिहिलंय, "चाचणी क्र. १४, अपयशी." ही वही माझी आहे. इथं लिहिते की जळोचीच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडीचं पुढचं चाक उचललं, दोन सेकंद मी राणीसारखी बसले होते, आणि मग गाडी मागच्या मागं उलटली. मी घसरून ढुंगणावर आपटले, गाडी चार हात लांब पडली, आणि कोपराचं सालटं निघालं. पोरं हसली. हसू दे. त्यांच्यातल्या एकानं तरी आयुष्यात मोटरचा कंट्रोलर उघडून बघितलाय का?

काय करतेय ते एकदा नीट लिहून ठेवते. युवराजशेठ जुन्या पेट्रोलच्या मोटारसायकलींना मोटर आणि बॅटरी बसवून देतात, मी त्यांच्याकडं इलेक्ट्रॉनिक्सचं बघते. आणि गेले आठ महिने माझ्या स्वतःच्या गाडीवर मी व्हीलीचा प्रोग्रॅम लिहितेय. व्हीली म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून एका चाकावर गाडी चालवणं. गाडीतला सेन्सर सेकंदाला दोनशे वेळा बघतो की गाडी किती अंशावर उभी आहे. कमी असेल तर करंट वाढवतो, जास्त झाली तर तोडतो, आणि फारच मागं कलंडली तर मोटरच उलटी ओढून नाक खाली आणते. साध्या गाडीवर हे शेवटचं काम माणसाचा उजवा पाय करतो, मागचा ब्रेक दाबून. चुकला पाय की माणूस पाठीवर.

आज मी गाडीला सांगितलं होतं, पंचेचाळीस अंशाला थांब. पन्नासच्या पुढं ती उलटतेच. लॅपटॉप म्हणतो, थांबली होती की पंचेचाळीसला. मग मी काय वाऱ्यानं पडले?

४ नोव्हेंबर

आईनं कोपर बघितलं. म्हटलं जिन्यावरून पडले.

"जिन्यात खडी असती व्हय?" म्हणाली, आणि हळद लावून अंगणवाडीला गेली. माझी आई करुणा श्रीपती भोसले, अंगणवाडी सेविका. एकवीस वर्षं चाळीस पोरांची खोटी बोलणी ऐकतेय, तिच्यापुढं माझं काय टिकणार. तरी खरं सांगायचं नाही, कारण या घरात व्हीली हा शब्द काढायचाच नाही, असं तीन वर्षांपूर्वी न ठरवताच ठरलंय.

तीन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ धम्मदीप व्हीली मारताना उलटला. निमगाव केतकीच्या रस्त्यावर. तो आणि त्याचा दोस्त ज्ञानेश, दोघं सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होते. दादा तर हँडल सोडून, नमस्कार करत जायचा. त्या दिवशी पाय ब्रेकवरून घसरला. उजव्या घोट्यात प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. चालताना पाऊल वरखाली होत नाही, पाटी टाकल्यासारखं पडतं. ब्रेक दाबता येत नाही म्हणून गाडी सुटली. आता लासुर्ण्याच्या चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, एक ते चार बंद. गावाबाहेर जायचं तर एस.टी.नं जातो-येतो. माझ्याशी बोलतो, पण गाडीचं सोडून.

त्याच्यासाठी करतेस का, असं मागं संजीवनीनं, माझ्या मैत्रिणीनं, विचारलं होतं. मुळीच नाही. मला स्वतःला करायचंय. पोरींनी स्कूटीच्या पुढं जाऊ नये असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

९ नोव्हेंबर, रविवार

चाचणी पंधरा, सोळा. दोन्हीत उलटायच्या आधी मी ब्रेक दाबला. ब्रेकला पाय लागला की करंट पूर्ण बंद होतो, हा नियम मीच घातलाय. चाक धाडकन खाली येतं. सवयीनं लागतो पाय.

ज्ञानेश वर्कशॉपवर आला होता, त्याच्या बायकोच्या स्कूटरचा चार्जर घेऊन. आता त्याचे व्हिडिओ हजारो लोक बघतात, त्यामुळं तो आत आला की पोरं हातातले पान्हे खाली ठेवतात. माझ्या गाडीभोवती फेरी मारली.

"मॅडम, ह्यात तुमची कला कुठंय? सगळं मशीनच्या जिवावर."

"व्हय, मशीनच्या जिवावर," मी म्हटलं. "आन् मशीन माझ्या जिवावर."

पोरं परत हसली, पण ह्या खेपेला त्याच्याकडं बघून.

१२ नोव्हेंबर

युवराजशेठनी बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घाबरट आहे. म्हणाले, अकरा जानेवारीला इंदापूरला गाड्यांचा मेळा आहे, आपला स्टॉल आहे, आणि दुपारी मैदानावर कसरतींचा अर्धा तास ठेवलाय. ज्ञानेशही येणार आहे. "तिथं शंभर मीटर पुढचं चाक वर ठेवून दाखव. पडायचं न्हाय, टेकवायचं न्हाय. दोन संधी. जमलं तर आपल्या गाड्यांत हे बसवू, तुझ्या नावानं. न्हाय जमलं, तर हा प्रोग्रॅम तू स्वतःच्या हातानं पुसायचा, आन् परत ह्या आवारात व्हीलीचं नाव न्हाय."

"शंभर का? दीडशे म्हणा."

"आधी दहा कर."

आणि गाडी आवारात नको म्हणाले, पोरं काम सोडून बघतात. म्हणून आजपासून गाडी घरी, तात्यांच्या अवजारांच्या शेडमध्ये. दाराला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

आईला सांगावंच लागलं. भाकरी थापत होती, ती जरा जास्त जोरानं थापली. दादा ताट तसंच ठेवून उठला.

१८ नोव्हेंबर

आज तात्यांनी मला शहाणं केलं, आणि तेही फुकटात.

माझे वडील, श्रीपतीतात्या, कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या चारीला किती पाणी, कधी सोडायचं, कधी बंद करायचं, यात तीस वर्षं गेली. आज बारामतीला डोळे दाखवायला आले होते, मग जळोचीला वर्कशॉपवर आले. स्टुलावर बसून डबा खाल्ला, हात धुतले, आणि तसेच खाली बघत बसले.

"पिऊ, गाडीचं ते मोजायचं यंत्र तू हितंच लावलंस का?"

"व्हय. म्हंजे सेन्सरला एकदा सांगावं लागतं की हे बघ, ही सपाट जागा, हा तुझा शून्य. ते हितं केलं. ह्या फरशीवर."

"ही सपाट हाय?"

"फरशी हाय की तात्या."

त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी एक क्षणही रेंगाळलं नाही, सरळ कोपऱ्यातल्या गटारीकडं पळालं. "हितं आधी गाड्या धुवायचं सेंटर व्हतं. म्हस्कू गवंड्यानं फरशी केलीया, मुद्दाम उताराची. आख्ख्या जळोचीला ठावं हाय."

आख्ख्या जळोचीला ठाऊक आहे. भिंतीवर "वॉशिंग" ही अक्षरं अजून पुसट दिसतात, त्यांच्याखाली मी दोन वर्षं काम करतेय. गाडीचं तोंड नेहमी चढाकडं लावतो आम्ही, कारण उताराकडं गटार आहे. म्हणजे गाडी नाक वर करून उभी होती आणि मी तिला सांगत होते, ही तू सपाट आहेस. चार अंश निघाले. पंचेचाळीस सांगितलं की बाई एकोणपन्नासला जाऊन उभी. त्यात जरा धक्का बसला की झालंच.

आठ महिने मी प्रोग्रॅमच्या ओळी तपासल्या. एकदाही खाली बघितलं नाही. लाज वाटली आणि हसूही आलं. घरी येऊन तात्यांनी गवंड्यांची पाण्याची नळी काढली, पारदर्शक, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी बघायची. अंगणात दोन फरश्या त्यांनी स्वतः समपातळीत बसवल्या. त्यावर गाडी उभी करून शून्य घेतला.

"तीस वरीस पाटावर काढली," म्हणाले. "पाण्याला उतार कळतो. तुझ्या लॅपटॉपला न्हाय."

२३ नोव्हेंबर, रविवार

नऊ मीटर! मग चौदा! कालव्याच्या कडेनं जो कच्चा रस्ता आहे ना, उसाच्या दोन पट्ट्यांमधला, तिथं. गाडीला आता पंचेचाळीसऐवजी चाळीस अंश सांगितलेत, आणि त्यावर ती अशी उभी राहिली, जशी ती त्यासाठीच जन्माला आली. मी ओरडले. ऊसतोडीवाल्या बायका कोयते खाली ठेवून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "पोरी, पुढचं चाक निसटलंय गं तुझं!"

दोन्ही वेळा ब्रेक लागला. बूट जाड आहेत, पायाला कळत नाही. पातळ बूट घेते.

३० नोव्हेंबर, रविवार

पातळ बूट. एकवीस मीटर, एकोणीस, बावीस. प्रत्येक वेळी विशीच्या आसपास ब्रेक. ब्रेकचा दांडाच वर आलाय बहुतेक, खाली घेतला.

३ डिसेंबर

काहीतरी गडबड आहे.

गाडीत मी एक चिप ठेवलीय, ती प्रत्येक फेरीची नोंद करते. वेळ, कोन, करंट, ब्रेक. आज संध्याकाळी सहज उघडली तर आजच, बुधवारी, दुपारी दोन दहा ते दोन चाळीस, गाडी चाललीय. मी तेव्हा जळोचीत होते! आणि नुसती चाललेली नाही, सात वेळा पुढचं चाक उचललंय. दोन सेकंद, दोन, तीन.

आईला विचारलं. ती दोनपर्यंत अंगणवाडीत. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "उंदीर असत्याल."

"उंदीर गाडी चालवत्यात व्हय तात्या?"

"आमच्या वेळचं न्हाय चालवायचं. आताच्यांचं काय सांगावं."

कुणीतरी किल्ली काढतंय. माझा संशय ज्ञानेशवर आहे. माझी मशीन समजून घेऊन मेळ्यात माझीच फजिती करायची असेल.

५ डिसेंबर

काल आणि आज परत. दोन पंधराला. चोराचा अभ्यास केला. चाक उचलायला त्याला माझ्यापेक्षा कमी करंट लागतो, म्हणजे जड आहे, सत्तरच्या पुढं, आणि मागं सरकून बसतो. रेस एकदम मऊ देतो, एवढं कबूल करावं लागेल. पाच सेकंद, सहा. पण एक गोष्ट हसण्यासारखी आहे. ब्रेकच्या रकान्यात शून्य. सगळ्या फेऱ्यांत शून्य. इतका अडाणी माणूस की मागचा ब्रेक कशासाठी असतो हेही त्याला माहीत नाही!

म्हणजे ज्ञानेश नसेल. त्याला तरी एवढं कळतं.

६ डिसेंबर

विहारात वंदना झाली. दादा सगळ्यांच्या मागं, खुर्चीवर. घोट्यामुळं मांडी घालता येत नाही त्याला. निघताना विचारलं, "काय चाललंय तुझं?" तर म्हणाला, "तुझी गाडी चाळीस अंशावर धरती का पंचेचाळीसवर?"

म्हटलं, चाळीस. तुला रे कशाला?

"असंच."

बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीचं काहीतरी विचारलं त्यानं.

१४ डिसेंबर, रविवार

माझं सगळ्यात चांगलं, एकतीस मीटर. चोराचं, शुक्रवारी दुपारी, अकरा सेकंद. वेग बघून मोजलं तर नव्वद मीटरच्या जवळ जातं. माझ्याच गाडीवर! माझ्याच प्रोग्रॅमवर! डोक्यात तिडीक गेली. किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवणार होते, पण मग तो सापडणार कसा? गुरुवारी अर्धी सुट्टी टाकते.

१८ डिसेंबर, गुरुवार

पकडला.

उसाच्या पट्ट्याआड पावणेदोनपासून उभी होते, हातात चिपाड घेऊन. दोन वाजून वीस मिनिटांनी गाडीचा तो शिट्टीसारखा आवाज आला. पुढचं चाक वर, गाडी अशी स्थिर की त्यावर तांब्या ठेवावा. डोक्यावर हेल्मेट नाही. आणि उजवा पाय पायदानावर नव्हता. बाहेर, हवेत, लटकत होता, पाटीसारखा.

तो पाय मी कुठंही ओळखेन.

चिपाड टाकून मी रस्त्यात उभी राहिले. दादानं चाक इतकं हळू टेकवलं की धूळसुद्धा उडाली नाही.

"चोर," मी म्हटलं.

"व्हय."

"मागायला काय झालं व्हतं? तोंड न्हवतं?"

"मागितली असती तर गावाला कळलं असतं. आन् पडलो असतो तर गाव म्हणलं असतं, लंगड्याला हौस लई."

"मग तात्यांनी किल्ली दिली?"

"त्यांनी खिळ्यावरनं काढून माझ्या पोळीखाली ठेवली. बोलले काय न्हाईत."

उंदीर म्हणे!

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. माझी नऊ महिन्यांची मेहनत, माझा मेळा, माझी गाडी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पिऊ, हे तू माझ्यासाठी केलंस, एवढं मला कळतंय."

"तुझ्यासाठी? तुझा काय संबंध? मी माझ्यासाठी केलंय."

"मग चालवत का न्हाईस? मी नोंदी बघितल्या तुझ्या. वीस मीटर झालं की तुझा पाय ब्रेकवर. दर बारी. तुझा तुझ्याच मशीनवर इश्वास न्हाय."

"बुटामुळं झालं ते!"

"जाड बी आन् पातळ बी, दोन्ही बुटांमुळं?"

गाडी हातानं ढकलत घरी आणली, बसून आणायचं सुचलंही नाही. संध्याकाळी तिला पासवर्ड टाकला. आता बघते कोण नेतो ते.

२१ डिसेंबर, रविवार

चौतीस मीटर. अठ्ठावीस. तीस. दांडा अजून खाली घेतला.

दादा बोलत नाही. मीही नाही. दोघं एका खोलीत असलो की तात्या टीव्हीचा आवाज वाढवतात.

२९ डिसेंबर

दादाचं काय चुकलं ते शोधत होते आणि त्याच्या नोंदी परत उघडल्या. माझी एक फेरी आणि त्याची एक फेरी एकावर एक ठेवली. वीस मीटरपर्यंत रेषा सारख्या. मग माझी तुटते. मशीन दोन्हीकडं तेच काम करतंय. कोन कुठंही त्रेचाळीसच्या पुढं गेला नाही, माझ्यातही नाही. म्हणजे ज्या ज्या वेळी मी ब्रेक दाबला, त्या त्या वेळी मी पडणार नव्हते.

हे इथं लिहिलं, दादाला सांगणार नाही. पासवर्ड मात्र काढला. तो यायचा तेव्हा यावा.

तो आला नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

बेचाळीस मीटर. आठवडा राहिला. ज्ञानेशनं व्हिडिओ टाकलाय, "रविवारी इंदापूर, बघू माणूस जिंकतो का मशीन." खाली कुणीतरी लिहिलंय, पोरगी आहे म्हणे. त्याखाली हसणारी तोंडं. मी पण एक टाकलं आणि नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट: प्रियदर्शनी श्रीपती भोसले.

११ जानेवारी, रविवार, इंदापूर

हे गाडीत बसून लिहितेय, युवराजशेठच्या टेम्पोत, म्हणून अक्षर नाचतंय.

मैदान भरलं होतं. बांबू बांधून मध्ये दीडशे मीटरची पट्टी केली होती, चुन्यानं दर दहा मीटरला रेघ. घरचे सगळे आलेले. तात्या, आई, आणि दादा, एकदम कडेला, बांबूला टेकून. आईला मी येऊ नको म्हटलं होतं. "पोरगी पडायची आसंल तर घरात बसून ऐकू व्हय?" म्हणाली.

ज्ञानेश आधी गेला. एकशे पाच. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि खरं सांगायचं तर सुंदर गेला तो.

मग मी. रेस दिली, चाक उठलं, चाळीस अंश. दहा, वीस, तीस. लोकांचा आवाज बंद झाला, नुसती मोटर. चाळीसच्या रेघेवर मला आभाळ फार मोठं दिसलं. धाड. चाक खाली.

"मशीन भ्यालं काय?" मागून कुणीतरी ओरडलं. ज्ञानेश नव्हता तो.

युवराजशेठ घाम पुसत आले. "एकच राह्यली. ज्ञानेशला देऊ का गाडी? चालवंल तो. प्रोग्रॅम तुझाच की."

मी लॅपटॉप उघडला. कोन एकेचाळीस. ब्रेक, एक. सगळ्या मैदानात हे फक्त मलाच दिसत होतं, आणि मी गप्प बसले असते तर दोष सेन्सरवर गेला असता. माझ्या तोंडात आलंही होतं, की वायर सैल झालीय. पण स्वतः लिहिलेल्या मशीनवर असा आळ घ्यायचा माझ्याच्यानं झालं नाही.

"मशीन न्हाय भ्यालं," मी मोठ्यानं म्हटलं. "मी भ्याले. माझा पाय ब्रेकवर गेला. परत जाते. मीच जाते."

वळले तर दादा बांबूखालून वाकून आत आला होता. अठरा डिसेंबरनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"उजवा पाय पायदानावर ठिवूच नको. बाहेर सोड. माझ्यासारखा."

"तोल जाईल."

"माझा गेला?"

"लोक हसतील. लंगडी दिसंन."

बोलून गेले आणि जीभ चावली. तो हसला. खरंच हसला. "दिस की मग. काय व्हतंय?"

तर मी गेले. उजवा पाय बाहेर, हवेत, लटकलेला. पहिले दहा मीटर तो पाय ब्रेक शोधत होता. हवाच सापडली त्याला. तीस. चाळीसला परत ते मोठं आभाळ आलं आणि मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, तात्या म्हणतात शिवी होती. पन्नास. साठ. गाडी मागं कलंडली, आणि मोटरनं स्वतःच मला ओढून पुढं आणलं, अगदी हळू, जसं मी तिला शिकवलं होतं तसं. तिला मी शिकवलं होतं! त्या क्षणापासून भीती गेली म्हणणार नाही, पण ती मागच्या सीटवर जाऊन बसली. ऐंशी. शंभर. बांबूपाशी पोरं उड्या मारत होती. एकशे बाराला मीच रेस सोडली.

ज्ञानेश पुढं आला. वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यानं गाडीच्या टाकीवर हात ठेवला, जिथं आता टाकी नाही, बॅटरी आहे. "त्या दिशी हे असतं तर," एवढंच म्हणाला. निमगावच्या रस्त्यावरून दादाला उचलून दवाखान्यात त्यानंच नेलं होतं, हे मी विसरले होते. त्याच्यावर मनातल्या मनात इतके दिवस दात खाल्ले, त्याची लाज वाटली.

युवराजशेठ स्टॉलवरच्या लोकांना आधीच सांगत सुटले होते की हे आमच्या सगळ्या गाड्यांत येणार, प्रियदर्शनी मॅडमचं आहे.

तेवढ्यात दादा गाडीपाशी आला. सगळ्यांसमोर, पाटी टाकत टाकत. ज्या गावाला कळू नये म्हणून दुपारी उसात लपत होता, ते सगळं गाव बांबूपलीकडं उभं होतं.

"पिऊ, गाडी दे. एक चक्कर."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता ती ओरडेल, नाहीतर रडेल. तीन वर्षं या घरात जो शब्द निघाला नाही, तो इथं भर मैदानात निघाला होता. तात्यांनी मान खाली घातली, चोरी उघडी पडल्यासारखी. आई बांबूपर्यंत आली. दादाकडं वरून खाली बघितलं.

"आज तरी हेल्मेट घाल," म्हणाली. "दोन वाजता अंगणवाडी सुटती माझी. मी कालव्यावरनंच येते घरी."

मी माझं हेल्मेट काढून दादाच्या डोक्यावर घातलं. पट्टा त्याच्या हनुवटीखाली लागेना, तो आईनं लावला.

मग तो गेला. पाय लटकलेला, रेस मऊ. शंभरच्या रेघेवर त्यानं दोन्ही हात सोडले आणि नमस्कार केला. माझी मशीन चाळीस अंशावर त्याला धरून होती आणि मी लॅपटॉपकडं बघायचंच विसरले. आई बघत होती. डोळ्यांवर हात न ठेवता बघत होती.

एकशे त्रेचाळीस मीटर. माझ्यापेक्षा एकतीस जास्त. हे मी खपवून घेणार नाही.